‘बुद्धिवाद विरुद्ध अनुभववाद’ : पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील एका विभागणीची चिकित्सा

सारांश

सतराव्या व अठराव्या शतकांतील पाश्चात्त्य तत्त्वज्ञान ‘बुद्धिवाद’ व ‘अनुभववाद’ अशा दोन परस्परविरोधी संप्रदायांत विभागून शिकविण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. या विभागणीचा उगम, तिचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ही विभागणी एका विशिष्ट ज्ञानमीमांसात्मक प्रश्नापुरती उपयुक्त आहे. परंतु तत्त्वज्ञांचे पक्ष ठरविणारी इतिहासाची चौकट म्हणून ती टिकत नाही. तिच्यामुळे मूळ ग्रंथांचे वाचन एकांगी होते आणि काही महत्त्वाचे विचारवंत इतिहासाबाहेर राहतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बुद्धिवाद, अनुभववाद, उपजत कल्पना, इतिहासलेखन, कान्ट, बुद्धिप्रामाण्य.

१. प्रस्तावना

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकविताना आपण सर्वसाधारणपणे एक ठरावीक क्रम पाळतो. एका बाजूस देकार्त, स्पिनोझा आणि लायब्निझ हे तीन बुद्धिवादी. दुसऱ्या बाजूस लॉक, बर्कली आणि ह्यूम हे तीन अनुभववादी. आणि शेवटी या दोहोंचा समन्वय साधणारा कान्ट. पहिले तिघे युरोप खंडातील, दुसरे तिघे ब्रिटिश बेटांवरील. पहिल्यांच्या मते यथार्थ ज्ञानाचा उगम बुद्धीत आहे, दुसऱ्यांच्या मते तो इंद्रियानुभवात आहे. ही मांडणी सुटसुटीत आहे, फळ्यावर दोन रकाने आखून ती समजावता येते आणि परीक्षेत तिच्यावर ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्नही विचारता येतो.

प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे ही मांडणी अशीच शिकविली. एकदा तासाला लॉकच्या प्रबंधाचा चौथा खंड वाचून दाखवीत असता एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, लॉक ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करतो आणि नीतिशास्त्र गणितासारखे सिद्ध करता येईल असेही म्हणतो, मग तो अनुभववादी कसा?’ या प्रश्नाला तत्काळ समाधानकारक उत्तर देता आले नाही. तिचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा होता : ‘मग परीक्षेत काय लिहायचे?’ तिने ग्रंथ नीट वाचला होता, आणि नेमक्या त्याच कारणाने तिचे उत्तर चुकण्याची शक्यता निर्माण झाली होती. जी चौकट काळजीपूर्वक वाचणाऱ्याला अडचणीत आणते आणि न वाचणाऱ्याला सोयीची ठरते, ती चौकट तपासून पाहणे अध्यापकाचे कर्तव्य होय.

या चौकटीविषयी पाश्चात्त्य अभ्यासकांत गेली काही दशके चर्चा चालू आहे. लुई लोब याने १९८१ मध्ये आणि हान्स-युर्गेन एंगफर याने १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून शंका उपस्थित केल्या. तथापि आपल्या वर्गांपर्यंत ही चर्चा फारशी पोहोचलेली नाही. म्हणून पुढील विवेचनात प्रथम या विभागणीचा उगम पाहू. नंतर मूळ ग्रंथ व पत्रव्यवहार यांच्या आधारे ती कितपत टिकते ते तपासू. आणि शेवटी मराठीतील ‘बुद्धिवाद’ या संज्ञेमुळे निर्माण होणाऱ्या एका विशेष अडचणीचा विचार करू.

२. विभागणीचा उगम

केवळ अनुभव गोळा करणारे आणि केवळ तर्काने विचार रचणारे असा भेद फ्रान्सिस बेकनने १६२० च्या ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये केला होता. पहिल्यांना त्याने मुंगीची उपमा दिली, कारण ती फक्त साठा करते. दुसऱ्यांना कोळ्याची, कारण तो स्वतःच्या शरीरातूनच जाळे विणतो. खऱ्या तत्त्वज्ञाचे काम मात्र त्याने मधमाशीसारखे मानले. ती फुलांतून रस घेते आणि स्वतःच्या शक्तीने त्याचे रूपांतर करते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, बेकन स्वतःला मुंगीच्या बाजूस ठेवीत नाही. तरीही पाठ्यपुस्तकांत त्याला अनुभववादाचा जनक म्हणून स्थान मिळते. ज्याने दोन्ही टोके नाकारली त्यालाच एका टोकाचा प्रवर्तक ठरविले गेले.

पुढे १७६४ व १७८५ च्या ग्रंथांत थॉमस रीडने आपल्या आधीच्या तत्त्वज्ञानाचा आढावा घेतला, तेव्हा त्याला दोन पक्ष दिसले नाहीत. देकार्त, मालब्रांश, लॉक, बर्कली आणि ह्यूम हे सर्व त्याच्या मते एकाच मार्गावरचे प्रवासी होते. मनाला साक्षात ज्ञान होते ते वस्तूंचे नव्हे, तर मनातील कल्पनांचे, हे त्या सर्वांचे समान गृहीतक. आणि ह्यूमचा संशयवाद ही त्या गृहीतकाची तर्कशुद्ध परिणती. म्हणजे, ह्यूमच्या हयातीत लिहू लागलेल्या एका समर्थ टीकाकाराने याच तत्त्वज्ञांची मांडणी सर्वस्वी वेगळ्या रीतीने केली होती.

आज रूढ असलेल्या विभागणीचे बीज कान्टच्या १७८१ च्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या अगदी अखेरच्या प्रकरणात सापडते. हे प्रकरण अवघ्या काही पानांचे आहे, आणि आपण येथे केवळ भविष्यात भरावयाच्या एका रिकाम्या जागेचा निर्देश करीत आहोत असे कान्ट स्वतः सांगतो. त्यात तो तत्त्वज्ञांचे वर्गीकरण एका नव्हे, तर तीन निकषांवर करतो : ज्ञानाचा विषय, ज्ञानाचा उगम आणि ज्ञानाची पद्धती. उगमाच्या निकषावर तो एका बाजूस ॲरिस्टॉटल व त्याला अनुसरणारा लॉक यांना ठेवतो, तर दुसऱ्या बाजूस प्लेटो व त्याच्या मार्गाने जाणारा लायब्निझ यांना. ह्यूमचा उल्लेख मात्र या ठिकाणी येत नाही. तो पद्धतीच्या निकषाखाली, मताग्रही वोल्फच्या विरुद्ध उभा असलेला संशयवादी म्हणून येतो. रूढ मांडणीत हे दोन स्वतंत्र निकष एकमेकांत मिसळले गेले आणि लॉक व ह्यूम एकाच पंक्तीत बसले.

हे मिश्रण पुढील शतकात पक्के झाले. राइनहोल्ड व टेनेमान यांसारख्या कान्टच्या प्रभावाखालील लेखकांनी तत्त्वज्ञानाचा इतिहास कान्टकडे जाणारी वाट म्हणून लिहिला. टेनेमानचा अनेक खंडांचा इतिहास १७९८ ते १८१९ या काळात प्रसिद्ध झाला. कुनो फिशर याने १८५२ पासून आपल्या विस्तृत इतिहासग्रंथाचे खंड काढले. इंग्लंडमध्ये टी. एच. ग्रीन याने १८७४ च्या ह्यूमच्या आवृत्तीला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत लॉक, बर्कली व ह्यूम यांना एका अखंड मालिकेत गोवले. ही मालिका अपयशात संपते, म्हणून कान्टकडे वळले पाहिजे, असा त्याचा रोख होता. आपल्या विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचे अध्यापन ब्रिटिश विद्यापीठांच्या वळणावर उभे राहिले, त्यामुळे ही मांडणी आपल्याकडे आयती आली. तात्पर्य, ज्यांना कान्टचा विजय दाखवायचा होता त्यांनी ही चौकट घडविली. ती सतराव्या शतकातील तत्त्वज्ञांची स्वतःविषयीची समजूत नव्हती.

३. ‘बुद्धिवादी’ म्हणविले जाणारे तत्त्वज्ञ

देकार्तचे चित्र आपल्यासमोर असते ते शेगडीजवळ एकटा बसून सर्व गोष्टींवर संशय घेणाऱ्या चिंतकाचे. हे चित्र १६४१ च्या ‘चिंतने’ या ग्रंथापुरते योग्य आहे. परंतु त्याच देकार्तने १६३७ मध्ये ‘पद्धतीविषयी प्रवचन’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला प्रकाशशास्त्र, वातावरणातील घटना आणि भूमिती या विषयांवरील तीन प्रबंध जोडलेले होते. इंद्रधनुष्याचे स्पष्टीकरण देताना तो पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन किरणांचे कोन मोजतो आणि मुख्य धनुष्याचा कोन सुमारे ४२ अंश का असतो हे गणिताने दाखवितो. ॲमस्टरडॅममध्ये असताना एका हिवाळ्यात तो जवळजवळ रोज खाटकाकडे जाऊन जनावरांच्या अवयवांची पाहणी करीत असे, असे त्याने एका पत्रात नमूद केले आहे. ‘प्रवचना’च्या सहाव्या भागात तर तो असे म्हणतो की, सर्वसामान्य तत्त्वांपासून एकच परिणाम अनेक रीतींनी निष्पन्न होऊ शकतो, त्यांतील खरी रीत कोणती हे प्रयोगाखेरीज ठरविता येत नाही, म्हणून ज्ञान जसजसे वाढते तसतशी प्रयोगांची गरजही वाढते.

‘उपजत कल्पना’ या प्रश्नावरही देकार्तची भूमिका समजली जाते तशी भाबडी नाही. १६४८ मधील एका खंडनपर लेखनात तो स्पष्ट करतो की, काही घराण्यांत विशिष्ट रोग उपजत असतो याचा अर्थ गर्भातील बालक तो रोग भोगीत असते असा नव्हे; तो रोग होण्याची प्रवृत्ती घेऊन ते जन्मास येते, एवढाच. कल्पना उपजत आहेत असे म्हणण्यात त्याला हीच प्रवृत्ती अभिप्रेत आहे. लहान मुलांना तादात्म्याचे तत्त्व माहीत नसते, म्हणून ते उपजत नाही, हा लॉकचा सुप्रसिद्ध आक्षेप या भूमिकेला फारसा लागू पडत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा पुरावा देकार्तच्या पत्रव्यवहारात आहे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ ही हेगमध्ये निर्वासित अवस्थेत राहत होती. मे १६४३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला विचारले : आत्मा जर केवळ विचार करणारे, विस्ताररहित द्रव्य असेल, तर तो शरीराला हालवू कसा शकतो? ढकलणे म्हटले की स्पर्श आला आणि स्पर्श म्हटला की विस्तार आला. देकार्तच्या द्वैतवादावरील हा आक्षेप आजही वर्गात शिकविला जातो, परंतु तो बहुधा आक्षेपकर्तीचे नाव न घेता. देकार्तने जून १६४३ मध्ये दिलेले उत्तर आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. आत्मा केवळ बुद्धीने जाणला जातो. शरीर कल्पनाशक्तीच्या साहाय्याने बुद्धी जाणते. परंतु या दोहोंचे ऐक्य बुद्धीला अंधूकच दिसते, ते इंद्रियांना स्पष्ट जाणवते, असे तो म्हणतो. म्हणून ते ऐक्य समजून घ्यायचे तर चिंतन बाजूला ठेवून रोजच्या व्यवहाराकडे व संभाषणाकडे वळावे, असा सल्ला तो देतो. माणूस म्हणून आपल्याला स्वतःविषयी जे सर्वांत निकटचे ज्ञान असते, त्यात हा ‘बुद्धिवादी’ इंद्रियांना अग्रस्थान देतो. एलिझाबेथने या उत्तराने आपले समाधान होऊ दिले नाही. आत्मा शरीराला हालवितो एवढे इंद्रिये दाखवितात. तो कसे हालवितो हे ती सांगत नाहीत, असे तिने परत लिहिले. येथे विवाद आहे आणि तो अत्यंत मूलगामी आहे; पण तो बुद्धिवाद व अनुभववाद यांच्यातील नाही.

स्पिनोझाविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. इंद्रियांवर व ऐकीव माहितीवर आधारलेल्या ज्ञानाला तो सर्वांत खालची पायरी देतो आणि भ्रमाचा उगम तेथेच मानतो. ‘बुद्धिवादी’ ही संज्ञा कोणाला खऱ्या अर्थाने लागू पडत असेल तर ती त्यालाच. तरीही सोऱ्यावरील बॉइलच्या प्रयोगांची त्याने ओल्डेनबुर्गमार्फत केलेली चर्चा, त्यासाठी स्वतः करून पाहिलेले प्रयोग, आणि १६७० च्या धर्म-राज्यविषयक ग्रंथातील बायबलच्या अर्थनिर्णयाची पद्धती यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. निसर्गाचा अर्थ लावताना जशी आधी निरीक्षणे गोळा करावी लागतात, तशीच धर्मग्रंथाचा अर्थ लावताना भाषा, कर्ता व काळ यांची माहिती गोळा करावी लागते, असे तो तेथे सांगतो.

लायब्निझने लॉकला उत्तर म्हणून लिहिलेला ‘नवे निबंध’ हा ग्रंथ तर या दोन संप्रदायांमधील थेट संवादाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. परंतु १७०४ मध्ये लॉकचे निधन झाल्याने लायब्निझने तो प्रसिद्ध केला नाही. तो १७६५ मध्ये, लायब्निझच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी प्रकाशात आला. त्यातही लायब्निझ इंद्रियानुभवाची आवश्यकता नाकारीत नाही. संगमरवराच्या अंगच्या शिरांनी एखादी मूर्ती आधीच सूचित केलेली असावी, पण ती प्रकट करण्यास छिन्नी लागावी, तसा उपजत कल्पना व अनुभव यांचा संबंध तो मानतो. दैनंदिन जीवनात बहुतेक वेळा आपण केवळ पूर्वानुभवावर विसंबून वागतो, हेही त्याने अन्यत्र मान्य केले आहे.

४. ‘अनुभववादी’ म्हणविले जाणारे तत्त्वज्ञ

लॉकचा ‘मानवी आकलनाविषयीचा प्रबंध’ १६८९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मनातील सर्व कल्पनांची सामग्री अनुभवातून येते, हा त्याच्या दुसऱ्या खंडाचा सिद्धान्त निःसंशय अनुभववादी आहे. परंतु ‘ज्ञान’ म्हणजे काय हे तो चौथ्या खंडात सांगतो. दोन कल्पनांमधील संगती किंवा विसंगतीचे आकलन म्हणजे ज्ञान. ते सर्वांत निश्चित असते जेव्हा ती संगती मनाला साक्षात दिसते. त्याखालोखाल, जेव्हा ती सिद्धतेच्या पायऱ्यांनी दिसते. बाह्य वस्तूंचे इंद्रियजन्य ज्ञान या क्रमात तिसऱ्या स्थानी येते. नीतिशास्त्र गणिताप्रमाणे सिद्ध करता येईल असे त्याला वाटते. उलट, निसर्गाचा अभ्यास कधी काटेकोर अर्थाने शास्त्राच्या पदवीला पोहोचेल याविषयी तो साशंक आहे, कारण तेथे अनुभव आपल्याला संभाव्यतेपलीकडे नेत नाही. थोडक्यात, कल्पनांच्या उगमाविषयी तो अनुभववादी आहे. ज्ञानाच्या आदर्शाविषयी तो देकार्तच्या बराच जवळ आहे. त्या विद्यार्थिनीला जे जाणवले ते हेच होते.

बर्कलीला लॉक आणि ह्यूम यांच्यामधील दुवा म्हटले जाते. लॉकशी त्याचे नाते आहेच. परंतु आपल्या कल्पनांचे खरे कारण जडद्रव्य नसून ईश्वर आहे, हा त्याच्या १७१० च्या ‘तत्त्वे’ या ग्रंथातील विचार फ्रेंच धर्मगुरू मालब्रांश याच्या मताशी इतका मिळताजुळता होता की, काही समकालीनांना तो मालब्रांशपंथीयच वाटला. आत्म्याची आपल्याला कल्पना असू शकत नाही, असे सांगून आत्मज्ञानासाठी बर्कली एक निराळी वाट मोकळी ठेवतो. केवळ इंद्रियानुभवाच्या चौकटीत ती मावणारी नाही.

ह्यूमच्या बाबतीत एक पत्र निर्णायक म्हणावे इतके महत्त्वाचे आहे. ‘मानवी स्वभावाविषयीचा ग्रंथ’ त्याने मुख्यतः फ्रान्समधील ला फ्लेश येथे लिहिला. याच गावच्या जेझुइट विद्यालयात देकार्तचे शिक्षण झाले होते. ऑगस्ट १७३७ मध्ये त्याने आपला मित्र मायकेल रॅमसे याला लिहून कळविले की, आपला ग्रंथ समजण्यासाठी चार गोष्टी आधी वाचाव्यात : मालब्रांशचे ‘सत्याचा शोध’, बर्कलीची ‘तत्त्वे’, बेलच्या कोशातील काही अधिक तात्त्विक नोंदी आणि देकार्तची ‘चिंतने’. या यादीत लॉक नाही. चारांपैकी तीन लेखक फ्रेंच आहेत आणि त्यांतील दोघांची गणना रूढ मांडणीत ‘बुद्धिवादी’ पक्षात होते. हे पत्र १९६० च्या दशकात अभ्यासकांसमोर आले. त्यापूर्वी १९५९ मध्ये रिचर्ड पॉपकिन याने ह्यूमने बर्कली वाचला तरी होता काय, असा प्रश्न विचारला होता. पत्राने त्या प्रश्नाचे उत्तर दिले. पण त्याबरोबरच ‘लॉक–बर्कली–ह्यूम’ ही स्वयंपूर्ण ब्रिटिश मालिका किती कृत्रिम आहे हेही दाखवून दिले.

याचा अर्थ ह्यूम अनुभववादी नव्हता असा नाही. प्रत्येक साधी कल्पना तिच्याशी जुळणाऱ्या संस्कारापासून उद्भवते, हा त्याचा मूलभूत नियम आहे. मुद्दा एवढाच की, कार्यकारणभावाविषयीचा त्याचा प्रश्न मालब्रांश वाचल्याशिवाय नीट कळत नाही. एका वस्तूत दुसरीला निर्माण करण्याची शक्ती आपल्याला कोठेच दिसत नाही, हे मालब्रांशने आधीच दाखविले होते. त्यावरून मालब्रांशने ईश्वर हेच एकमेव कारण मानले. ह्यूमने ईश्वराला वगळले आणि सवयीवर बोट ठेवले. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या उत्तरात हा संबंध कोठेच येऊ शकत नाही.

५. विभागणीत न बसणारे विचारवंत

कोणत्याही वर्गीकरणाची खरी कसोटी ते कोणाला सामावून घेते यापेक्षा कोणाला बाहेर ठेवते यावर लागते. या दृष्टीने एमिली द्यु शातले (१७०६–१७४९) हिचे उदाहरण बोलके आहे. तिने न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतर केले, ते तिच्या मृत्यूनंतर, १७५९ मध्ये, पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले. त्याआधी १७४० मध्ये तिने ‘भौतिकीचे पाठ’ हा ग्रंथ लिहिला. त्यात लायब्निझचे पर्याप्त कारणाचे तत्त्व पायाशी आहे आणि त्यावर न्यूटनची भौतिकी उभी केलेली आहे. गृहीतकांविषयीच्या प्रकरणात ती दोन्ही टोकांवर टीका करते. देकार्तच्या अनुयायांनी गृहीतकांनाच सत्य मानले. न्यूटनच्या अनुयायांनी गृहीतक हा शब्दच निषिद्ध ठरविला. तिच्या मते गृहीतकांवाचून संशोधन सुरूच होत नाही. मात्र एखादा प्रयोग अनुकूल आला म्हणून गृहीतक सिद्ध होत नाही. प्रतिकूल आला तर मात्र एकच प्रयोग ते सोडून देण्यास पुरेसा असतो.

हे लिखाण कान्टच्या ‘चिकित्से’च्या ४१ वर्षे आधीचे आहे. बुद्धी व अनुभव यांचा मेळ घालण्याचे काम प्रथम कान्टने केले, या विधानाला येथे बाध येतो. द्यु शातले कोणत्या रकान्यात बसवावी? लायब्निझमुळे ती बुद्धिवादी ठरते, न्यूटनमुळे अनुभववादी. दोन्ही रकान्यांत बसत नाही म्हणून ती अभ्यासक्रमातून गळते.

हीच गत इतरांची. ॲन कॉनवे हिचा ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६९० मध्ये लॅटिन भाषांतराच्या रूपाने निघाला. देकार्तचे द्वैत नाकारून तिने सर्व सृष्ट वस्तूंचे मूळ एकच चैतन्यमय द्रव्य मानले. मार्गारेट कॅव्हेंडिश हिने १६६६ मध्ये ‘प्रायोगिक तत्त्वज्ञाना’वरच टीकाग्रंथ लिहिला आणि सूक्ष्मदर्शकातून दिसते तेच सत्य असे का मानावे, असा प्रश्न केला. डॅमरिस मॅशम हिच्या घरी लॉकने आयुष्याची अखेरची वर्षे काढली. त्याच काळात ती लायब्निझशीही पत्रव्यवहार करीत होती. लॉक आणि लायब्निझ या दोघांशी एकाच वेळी चर्चा करणारी ही विदुषी म्हणजे दोन संप्रदायांमधील भिंत अभेद्य नव्हती याचा जिवंत पुरावा होता. या विदुषींना इतिहासाबाहेर ठेवण्यामागे सामाजिक पूर्वग्रह होताच. परंतु वर्गीकरणाच्या चौकटीने त्या पूर्वग्रहाला शास्त्रीय रूप दिले, हेही नाकारता येत नाही.

६. विभागणीच्या समर्थनार्थ

या विभागणीच्या बाजूने काय म्हणता येईल, याचाही विचार केला पाहिजे. पहिला मुद्दा असा की, उपजत कल्पनांचा वाद कल्पित नाही. लॉकने आपल्या ग्रंथाचा पहिला खंड त्यासाठी खर्ची घातला आणि लायब्निझने त्याला कलमवार उत्तर दिले. दुसरा मुद्दा असा की, अनुभवावाचून जगाविषयी काही निश्चित व नवे ज्ञान मिळू शकते काय, या प्रश्नावर स्पिनोझा व ह्यूम यांची उत्तरे खरोखर परस्परविरुद्ध आहेत. तिसरा मुद्दा अध्यापनाचा : नवशिक्या विद्यार्थ्याला एखादा नकाशा लागतो, आणि नकाशात प्रत्येक पाऊलवाट दाखविता येत नाही.

हे तिन्ही मुद्दे मान्य करण्यासारखे आहेत. परंतु त्यांतून सिद्ध होते ते इतकेच की, ‘बुद्धिवाद’ व ‘अनुभववाद’ ही विशिष्ट प्रश्नांना दिलेल्या उत्तरांची नावे म्हणून उपयोगी आहेत. एकच तत्त्वज्ञ एका प्रश्नावर एका बाजूस व दुसऱ्या प्रश्नावर दुसऱ्या बाजूस असू शकतो. लॉकचे उदाहरण वर पाहिलेच. नावे उत्तरांना द्यावीत, व्यक्तींना देऊ नयेत, एवढे पथ्य पाळले तर ही विभागणी निरुपद्रवी होते. नकाशाविषयी म्हणावयाचे तर, नकाशा अपुरा असण्याला हरकत नाही. पण जेथे रस्ता आहे तेथे भिंत दाखविणारा नकाशा प्रवाशाच्या कामाचा नाही.

७. मराठीतील ‘बुद्धिवाद’ : एक विशेष अडचण

मराठी माध्यमातून हा विषय शिकविताना आणखी एक अडचण येते. मराठी वाचकाला ‘बुद्धिवादी’ म्हटले की प्रथम आठवतात ते गोपाळ गणेश आगरकर. रूढी, शब्दप्रामाण्य व अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध बुद्धीला प्रमाण मानणे, हा या शब्दाचा आपल्या सामाजिक इतिहासातील अर्थ होय. १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारका’तून आगरकरांनी हीच भूमिका मांडली. परंतु त्यांच्या विचारांवर ज्यांचा सर्वाधिक प्रभाव होता ते जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अनुभववादी परंपरेतील मानले जातात. मिलने तर १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात गणितातील सत्येदेखील अनुभवावरील विगमनाने मिळतात, असे प्रतिपादन केले. इतक्या टोकाला ह्यूमही गेला नव्हता.

परिणामी, एकाच शब्दाच्या दोन अर्थांमुळे विद्यार्थी आगरकरांना देकार्तच्या परंपरेत बसवितो, आणि ‘बुद्धिवादाचा विरोधक’ म्हणून ह्यूमकडे श्रद्धेचा कैवारी असल्यासारखे पाहतो. वास्तविक चमत्कारांवर सर्वांत धारदार टीका ह्यूमनेच केली, तर देकार्त व लायब्निझ यांच्या तत्त्वज्ञानात ईश्वराला मध्यवर्ती स्थान आहे. शब्दप्रामाण्य नाकारण्यात हे सर्वच तत्त्वज्ञ कमीअधिक प्रमाणात एकत्र होते. त्यांच्यातील मतभेद त्यानंतरचे आहेत. म्हणून सामाजिक अर्थासाठी ‘बुद्धिप्रामाण्यवाद’ किंवा ‘विवेकवाद’ ही संज्ञा वापरावी आणि ‘बुद्धिवाद’ हा शब्द ज्ञानमीमांसेपुरता राखून ठेवावा, हे इष्ट वाटते. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ मासिकातून ‘विवेकवाद’ ही संज्ञा मराठीत रुजविण्याचा प्रयत्न केलाच होता. प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. आपल्याच प्रबोधनाचा वैचारिक वंशवृक्ष आपण चुकीचा सांगत आहोत काय, असा तो प्रश्न आहे.

८. समारोप व निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘बुद्धिवाद विरुद्ध अनुभववाद’ ही चौकट कान्टोत्तर इतिहासकारांनी घडविली आहे. कान्टने स्वतः वेगळे ठेवलेले निकष तीत एकत्र झाले आहेत.

२) कल्पनांचा उगम, ज्ञानाची निश्चिती आणि संशोधनाची पद्धती हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींवर एकाच पक्षाची भूमिका घेणारा तत्त्वज्ञ या काळात क्वचितच सापडतो.

३) देकार्त–एलिझाबेथ पत्रव्यवहार, ह्यूमचे १७३७ चे पत्र, द्यु शातलेचा १७४० चा ग्रंथ यांसारखे पुरावे या चौकटीबाहेर पडतात, म्हणूनच अध्यापनात त्यांना स्थान दिले पाहिजे.

४) मराठीत ‘बुद्धिवाद’ या संज्ञेचे दोन अर्थ स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत.

अभ्यासक्रम बदलणे एकट्या अध्यापकाच्या हाती नसते; प्रश्न कसा विचारावा हे मात्र बऱ्याच अंशी असते. ‘बुद्धिवाद व अनुभववाद यांतील फरक स्पष्ट करा’ याऐवजी ‘लॉकला अनुभववादी म्हणणे कितपत योग्य आहे?’ असा प्रश्न अंतर्गत परीक्षेत विचारता येईल. ‘एलिझाबेथच्या आक्षेपाला देकार्तने दिलेले उत्तर तुम्हांस पटते काय?’ असेही विचारता येईल. अशा प्रश्नांची उत्तरे तपासण्यास वेळ अधिक लागतो, हे प्रस्तुत लेखक अनुभवाने सांगू शकतो. तथापि त्यांत एक मोठा लाभ आहे : ज्या विद्यार्थिनीने ग्रंथ वाचला, तिला त्या वाचनाचे गुण मिळतात. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाने किमान एवढा न्याय तरी केला पाहिजे.